मधला स्पीकर

डाव्या-उजव्या स्पीकरांनी मला कधी छळलं नाही. सबवूफरसुद्धा कोपऱ्यातून हातभर पुढे-मागे सरकवला की कुठेतरी शहाण्यासारखा वागू लागतो. छळतो तो सेंटर. सिनेमातले बहुतेक सगळे संवाद त्या एकाच खोक्यातून येतात, आणि घरात जागा देताना त्याचाच नंबर शेवटचा. थिएटरात तो पडद्यामागे उभा असतो, कारण पडद्याला बारीक छिद्रं असतात. टीव्हीला छिद्रं कोण पाडणार? म्हणून त्याला आडवा करून युनिटच्या कप्प्यात ढकलतात, गुडघ्याच्या उंचीवर.

आडवा झाला की खरी कटकट. दोन बाजूंना दोन वूफर, मध्ये ट्विटर. वूफरमधलं अंतर ३० सेंटिमीटर धरा. समोर बसलेल्याला दोघांचा आवाज एकदमच पोचतो. पण सोफ्याच्या टोकाला, साधारण ३० अंशांवर बसलेल्यासाठी एकाची वाट १५ सेंटिमीटरनं लांब. मग ११५० हर्ट्झच्या आसपास दोघं एकमेकांना गिळतात, म्हणजे माणसाच्या बोलण्यातच खड्डा. मधली जागा पैसे देणाऱ्याची असते आणि तपासताना माझी. टोकाला आजी बसतात. ‘काय म्हणाला गं तो?’ हा प्रश्न पुण्यातल्या कितीतरी दिवाणखान्यांत मी पाठीमागून ऐकलाय.

उपाय आहेत, पण सगळे कुरूप. सेंटर उभा करा, तर टीव्हीचा पाय झाकतो. कप्प्याच्या कडेपर्यंत पुढे ओढा आणि खाली रबराचा तुकडा घालून तोंड वर करा, तर घरातल्यांना तो वाकडा दिसतो. बघणारे दोघंच असतील तर मी सरळ सांगतो, सेंटर नको, डावा-उजवाच मधला आवाज उभा करतील. त्यावर उत्तर ठरलेलं: पाचाचे पैसे दिलेत ना?

असे लोक वायरीवर मात्र सढळ हातानं खर्च करतात. काही दुकानदार बाण छापलेली जाडजूड केबल विकतात आणि बाणाच्या दिशेनंच जोडा म्हणतात. स्पीकरचा प्रवाह क्षणोक्षणी उलटसुलट फिरतो, तो बाण वाचत नाही. अडीच स्क्वेअर एमएमची शुद्ध तांब्याची वायर दहा मीटर टाकली, तर जाऊन-येऊन रोध ०.१५ ओहमच्याही आत. आठ ओहमच्या स्पीकरला त्याचं काय? माझं भांडण आहे ते तांब्याचा मुलामा दिलेल्या अॅल्युमिनियमशी, आणि स्पीकरची वायर विजेच्याच पाइपातून ओढणाऱ्यांशी. भिंत बंद झाल्यावर मला बोलावतात.

हे सगळं मी आजवर कानाच्या भरवशावर बोलत आलो. हाताखालची मुलगी माईक लावून मोजायची तेव्हा मी मनातल्या मनात हसायचो. मग एका घरी ती म्हणाली, ‘काका, स टोचतोय.’ मला तर तो स अगदी मऊ वाटत होता. कानाची तपासणी केली. आलेख चार हजारानंतर उतरत गेलेला. वयाचं आहे, म्हणाले. स आणि फ यांचा जीव तिथेच वर असतो.

तेव्हापासून सेंटरचा प्रश्न आणखी अवघड झालाय, कारण आता मी आजींच्या बाजूचा आहे. मुलीचा आलेख सपाट रेषेला बरोबर म्हणतो. पण ती रेषा कोणाच्या कानासाठी? घरातल्या नातवाला ट्विटर वाढवलेला सोसत नाही, आजींना सपाट पुरत नाही. सध्या मी ट्विटरला हात लावत नाही. सेंटर तीन डेसिबलनं वर घेतो, मागचे दोन जरा खाली. मुलीला हे पटत नाही, आणि त्यावरून आमचे गाडीत वाद होतात.

डेमोला मी कायम इंग्रजी मारधाडीचा सिनेमा लावायचो. खाली अक्षरं चालू, त्यामुळे संवाद नीट ऐकू आले की वाचले, हे कोणाला कळतच नाही. माझी कीर्ती त्यावरच वाढली. आता मराठी सिनेमा लावतो, अक्षरं बंद, आणि सोफ्याच्या टोकाला बसतो. मापं मुलीनं आधीच घेतलेली असतात. तरी गिऱ्हाईक खोलीत आलं की मी डोळे मिटून मान डोलावतो, रिमोटवर एक डेसिबल वर, एक खाली करतो. बिल माझ्या कानाच्या नावानं जातं.