नानांची अट

मुलुंडला धाकट्याकडं राहायला आल्यापासून एक प्रश्न मला सारखा ऐकावा लागतो. नाशिककडचा द्राक्षवाला शेतकरी म्हटलं की सोसायटीतली माणसं हसून विचारतात, "म्हणजे सुलाच्या तिकडचे का?" मी हो म्हणतो. ते खोटं नाही. कसारा घाट चढून नाशिकला पोहोचलं की पश्चिमेला गंगापूर धरणाच्या कडेला सुलाचे मळे आणि उत्तरेला, रामशेज किल्ल्याच्या पलीकडं, दिंडोरी तालुक्यात आमचं गाव.

सुलाची गोष्ट पुष्कळांना माहीत आहे. राजीव सामंत अमेरिकेत शिकून इंजिनिअर झाले, ऑरॅकल कंपनीत नोकरीला लागले, आणि ती सोडून नाशिकला घरच्या वीसेक एकर जमिनीवर आले. आधी आंबा लावून पाहिला, खायची द्राक्षंही केली. मग १९९७ साली त्यांनी वाइनच्या द्राक्षाच्या फ्रेंच जाती लावल्या. २००० साली पहिली बाटली बाजारात आली. नाव ठेवलं आईवरून. आई सुलभा, म्हणून वाइन सुला. आमच्या पारावर तेव्हा लोक म्हणायचे, आईचं नाव कुणी बाटलीला देतं का? माझी आई म्हणाली, "त्यात काय! लेकानं कष्टाच्या वस्तूला दिलंय ना?"

हा उद्योग आमच्याकडंच का रुजला, तर त्याला कारण आमची हवा. नाशिक समुद्रापासून दोनेक हजार फूट उंच, सह्याद्रीला टेकलेलं. पौषात दिवसा ऊन आणि रात्री हुडहुडी. त्या थंडीत मणी सावकाश पिकतो, गोडी धरतो आणि आंबटपणाही टिकवतो. वाइनला दोन्ही लागतं. युरोपात वेल थंडीत झोपते, आमची कधी झोपतच नाही. म्हणून तिला वर्षातून दोनदा कापावं लागतं. एप्रिलात खरड छाटणी आणि पावसाळा सरताना गोडी छाटणी.

२००१ साली राज्य सरकारनं द्राक्षापासून वाइन करायचं धोरण आणलं, करात सवलत दिली, विंचूरला वाइन पार्क केलं. मग कंपन्यांची माणसं गावोगाव फिरायला लागली. आमच्याकडंही एक आले. कागदावर करार, भाव आधी ठरलेला, माल त्यांनी उचलायचा. ज्या माणसानं जन्मभर व्यापाऱ्याच्या तोंडाकडं बघून माल विकला, त्याला छाटणीच्या आधीच भाव कळणं म्हणजे काय, हे शहरातल्या माणसाला सांगून कळायचं नाही.

अडचण घरातच होती. आमचे नाना माळकरी. पौषात संत निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकला जाणारी दिंडी आमच्या वस्तीवरून जाते, तिची एक पंगत आमच्याकडं. नाना म्हणाले, "ज्याच्या गळ्यात माळ, त्याच्या वावरात दारूचं पीक?" थोरल्या भावानं समजावलं, आपण द्राक्षं पिकवतो, पुढं त्याचं काय होतं ते आपल्या हातात नाही. नाना दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "लावा. पण त्याचा एक रुपया पंगतीला लागता कामा नये. पंगत खायच्या द्राक्षावर झाली पाहिजे."

आमची बाग तीन एकर. अट पाळायची म्हणून एक एकर थॉमसन तशीच ठेवली. दोन एकरांत शिराझ आली. तिचं काम वेगळंच. थॉमसनला जीएमध्ये घड बुडवा, मणी विरळ करा, दिसायला एकसारखे लांब झाले पाहिजेत. शिराझला ती नटवानटवी नाही. मणी बारीक, काळा, जाड सालीचा, आत बी. उलट माल कमीच ठेवायचा, म्हणजे गोडी भरते. ब्रिक्स मीटरवर काटा तेवीस-चोवीसला गेला की पहाटे गारव्यात तोडणी. ऊन चढायच्या आत क्रेट गाडीत. चार वर्षं पैसे वेळेवर आले. विहीर खोल केली, धाकट्याला मुंबईत शिकवलं. शेजारच्या दोघांनी तर होती तेवढी सगळी बाग वाइनची केली.

२००८ साली जगात मंदी आली. नोव्हेंबरात मुंबईच्या हॉटेलांवर अतिरेक्यांचा हल्ला झाला. हॉटेलं ओस पडली, वाइन उठेना. कंपन्यांच्या टाक्या भरलेल्या, त्यात आमचा नवा माल. आमच्या कंपनीचा माणूस आधी उद्या म्हणाला, मग फोन घेईना. घड वेलीवर सुकले. करारात माल उचलायचं लिहिलं होतं. नाही उचलला तर काय, ते लिहिलं नव्हतं. बारीक बियांचं द्राक्ष खायला कोण घेणार? त्या दोन वर्षांत आमच्या भागात पुष्कळांनी वाइनच्या बागा तोडल्या. आम्हीही तोडली. कुऱ्हाड चालत होती तेव्हा नाना बांधावर बसून होते. आम्हाला वाटलं, आता बोलतील. ते एवढंच म्हणाले, "वेलीनं काय केलं होतं?"

त्या साली घर चाललं ते अटीसाठी ठेवलेल्या एक एकर थॉमसनवर. पंगतही झाली. शेजारच्या दोघांतल्या एकाला निम्मी जमीन विकावी लागली.

सुला त्या संकटातून तरली, वाढली, २०२२ च्या डिसेंबरात शेअर बाजारात गेली. घरच्या नावानं सुरू झालेला मळा आता हजारो लोकांच्या वाट्याचा झाला. तिचं ऑफिस अंधेरी पूर्वेला आहे. घाटकोपरहून मेट्रोनं अंधेरीला जाताना दोन्ही बाजूंच्या काचेच्या इमारती बघतो आणि मनात येतं, छाटणी आम्ही दिंडोरीत करतो, पण वेल राहणार की जाणार ते या शहरात माणसं रात्री काय पितात त्यावर ठरतं.

आता पुतण्या फोन करतो. "आप्पा, परत वाइनची लावू का? अवकाळीनं थॉमसनचे मणी तडकतात, वाइनचा भाव निदान ठरलेला असतो." त्याचं खोटं नाही. मी त्याला म्हटलं, करार घे आणि इकडं पाठव, माल नाही उचलला तर किती दिवसांत किती पैसे, हे त्यात लिहून घे. त्याशिवाय सही नाही.

"आणि नानांची अट?" त्यानं विचारलं. नाना जाऊन सात वर्षं झाली.

"ती तर पहिली," मी म्हटलं. "पंगतीची एक एकर सोडून काय लावायचं ते लाव."