टोपीखालची गोष्ट

आमच्या घराण्यात टक्कल वारसाहक्कानं येतं. दादांची जमीन चार ठिकाणी वाटली गेली, विहीर भांडणात गेली. टक्कल मात्र सगळ्या नातवांना सारखं मिळालं. मी बी.एड.ला होतो तेव्हा कपाळ वर सरकायला लागलं. परंड्याच्या बाजूला एका उर्दू शाळेत विज्ञान शिकवू लागलो, तोवर डोक्यामागं घोड्याच्या नालासारखा पट्टा तेवढा उरला होता. तेव्हापासून मी दिवसभर टोपी घालतो. लोक मला आहे त्यापेक्षा जास्त दीनदार समजतात. खरं सांगायचं तर ती टोपी जितकी नमाजाची, तितकीच टकलाचीही होती. ही गोष्ट मी कुणाला बोललो नव्हतो. आज बोलतो आहे, कारण माझ्या गप्प राहण्याची किंमत माझ्या धाकट्या भावानं मोजली.

भाऊ शारजाला एसी दुरुस्तीचं काम करतो. जानेवारी २०२३ मध्ये तो दोन महिन्यांच्या सुट्टीवर आला. तेव्हा तो २९ वर्षांचा होता. उमरग्याकडच्या एका मुलीशी त्याचं ठरलं होतं आणि फेब्रुवारीच्या शेवटी निकाह होता. आल्या आल्या तो मला म्हणाला, "भाईजान, मेरेकू बाल लगवाने हैं. तुमे सायन्स पढाते, जरा पता करो."

अम्मी म्हणाली, "लडकीवाले फोटू देखको हां बोले ना? अब कायकू?"

भाऊ गप्प बसला. मीही गप्प बसलो. मुलीकडे पाठवलेल्या फोटोत त्याच्या डोक्यावर टोपी होती. तो फोटो मीच काढला होता.

पहिला प्रश्न शरियतचा. मी मशिदीच्या इमामसाहेबांना विचारलं. दुसऱ्याचे केस आपल्या केसांना जोडायला हदीसमध्ये सक्त मनाई आहे, हे मला माहीत होतं. इमामसाहेबांनी बुखारी शरीफमधल्या बनी इस्राईलच्या तिघांची गोष्ट आठवून दिली. एक कोडी, एक टकला, एक आंधळा. फरिश्ता येऊन टकल्याला विचारतो, तुला काय हवं? तो चांगले केस मागतो आणि त्याला ते मिळतात. आपलाच केस आपल्याच डोक्यावर लावणं म्हणजे अल्लाहची बनावट बदलणं नव्हे, ऐब दूर करणं आहे, असं अनेक उलमा याच गोष्टीवरून मानतात. चिकटवलेल्या विगखाली गुस्लचं पाणी पोचत नाही. रुजलेल्या केसाला ती अडचण नाही. निघताना इमामसाहेब म्हणाले, "मास्तर, त्या गोष्टीचा शेवटही वाचा. टकल्याला केस मिळाले, गाभण गायही मिळाली, आणि तो आपले जुने दिवस विसरला." मी मान हलवली. घाई होती.

मग आम्ही बार्शीमार्गे सोलापूरला एका त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी भावाच्या कपाळाकडे फारसं पाहिलंच नाही. भिंग घेऊन ते डोक्याच्या मागचा भाग न्याहाळत राहिले. वडिलांचं डोकं कसं आहे, विचारलं. मी माझी टोपी काढून दाखवली. अब्बांचंही असंच होतं, सांगितलं. त्या दिवशी डॉक्टरांनी जे समजावलं आणि पुढं मी जे वाचलं, ते इथं एकत्र मांडतो.

डोक्यामागचे आणि कानांवरचे केस सहसा आयुष्यभर टिकतात. ते उचलून पुढं लावले तरी आपला मूळ स्वभाव सोडत नाहीत. न्यूयॉर्कचे डॉक्टर नॉर्मन ऑरेन्ट्राइच यांनी १९५९ साली ही गोष्ट मांडली आणि सगळा धंदा तिच्यावर उभा राहिला. त्याच्याही वीस वर्षं आधी, १९३९ मध्ये, जपानचे डॉक्टर शोजी ओकुडा यांनी भाजलेल्या डोक्यांवर आणि भुवयांवर केसांसकट कातडीचे छोटे गोल तुकडे लावले होते. महायुद्धाच्या धामधुमीत ते काम जपानबाहेर फारसं कुणाला कळलं नाही. म्हणजे ही विद्या शौकासाठी नव्हे, जळालेल्या माणसांसाठी जन्मली. ऑरेन्ट्राइच यांच्या काळात चार मिलिमीटरचे तुकडे काढत. एकेका तुकड्यात पंधरा-वीस केस असत. डोकं भरे, पण प्लॅस्टिकच्या बाहुलीसारखं दिसे.

पुढं लक्षात आलं की केस एकेकटे उगवत नाहीत. ते एक ते चार केसांच्या झुबक्यांनी उगवतात. त्या झुबक्यालाच ग्राफ्ट म्हणतात. तो काढण्याच्या आज मुख्य दोन पद्धती आहेत.

पहिली पट्टीची, एफयूटी. डोक्यामागची एक-दीड सेंटिमीटर रुंदीची लांब पट्टी कापून घेतात, जखम टाके घालून मिटवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पट्टीतला एकेक झुबका वेगळा करतात. अमेरिकेतले डॉक्टर बॉबी लिमर यांनी हे काम १९९४ मध्ये प्रसिद्ध केलं. झुबके डोळ्यांसमोर वेगळे होतात, म्हणून मुळं कमी तुटतात. मागचं सगळं डोकं भादरावं लागत नाही. बायकांना ही पद्धत म्हणूनच सोयीची पडते. पण मागं एक आडवी रेघ कायमची राहते. हजला जाऊन हल्क केलं की ती सगळ्यांना दिसणार.

दुसरी एफयूई. २००२ मध्ये रॅसमन आणि बर्नस्टाइन यांच्या लेखानं तिचं नाव झालं. इथं सुमारे एक मिलिमीटरच्या पोकळ सुईसारख्या हत्यारानं एकेक झुबका थेट डोक्यातून काढतात. टाके नाहीत, लांब रेघ नाही, जखम लवकर भरते. पण "व्रण राहत नाही" ही जाहिरात खोटी. एका रेघेऐवजी हजारो पांढरे ठिपके राहतात. केस वाढलेले असले तर झाकतात, एवढंच. शिवाय कातडीखाली मूळ कुठं वळलंय ते दिसत नाही. हात कच्चा असला की मूळ मध्येच कापलं जातं.

आणि सगळ्यांत महाग सांगतात ती डीएचआय. तिच्यात झुबका पेनासारख्या एका साधनात भरून थेट रोवतात. हे पेन कोरियात तयार झालं. पण काढणी तीच, एफयूईची. फरक लावणीत आहे. एफयूई की डीएचआय, हा प्रश्नच मुळात थोडा फसवा आहे. रोप कसं उपटलं आणि कसं लावलं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आमच्याकडच्या माणसाला हे कांद्याच्या लावणीवरून चटकन कळेल. रोप मुळासकट निघालं पाहिजे, उन्हात सुकता कामा नये, फार खोल किंवा फार वर लागता कामा नये. हे सगळं इथंही खरं आहे. एकच फरक. वाफ्यात पुन्हा बी टाकता येतं. डोक्यामागच्या वाफ्यात टाकता येत नाही. तिथून उपटलं ते गेलं. चांगल्या दाट डोक्यातूनसुद्धा उभ्या आयुष्यात साधारण पाच-सहा हजार ग्राफ्टच निघतात. पद्धत कुठलीही घ्या, शिल्लक तीच.

डॉक्टरांनी भावाला सांगितलं, "तुझं टक्कल अजून थांबलेलं नाही. आज पुढचं भरलंस आणि उद्या मधले गेले, तर कपाळावर एक बेट उरेल आणि मागं ओसाडी. वर्षभर औषध घे. मग हवं तर दोन हजारांच्या आत करू."

"वर्षभर?" बाहेर आल्यावर भाऊ म्हणाला. "मेरी छुट्टी दो महिने की है."

मग आम्ही एका मोठ्या शहरातल्या क्लिनिकमध्ये गेलो. तिथं भिंगही नव्हतं आणि प्रश्नही नव्हते. टाय लावलेल्या एका मुलानं भावाच्या कपाळावर पेन्सिलीनं खाली, अगदी शाळकरी पोराला शोभेल अशी रेघ मारली आणि आरसा पुढं धरला. भाऊ आरशात बघतच राहिला. "सात हजार केस, एकाच दिवसात." सात हजार केस म्हणजे साडेतीन हजारांच्या आसपास ग्राफ्ट, हा हिशेब मी मनात केला, पण बोललो नाही. ७५,००० रुपये ठरले. चार पानांचं इंग्रजी संमतीपत्र आलं. नातेवाईक म्हणून सही माझी होती. परीक्षेत मुलांना मी दरवेळी सांगतो, सूचना दोनदा वाचा. मी एकदाही वाचली नाही. भावाच्या चेहऱ्यावरचा आनंद मला मोडायचा नव्हता. आणि खरं म्हणजे, त्याच्यानंतर माझाही विचार चालला होता.

डॉक्टर येऊन सुन्न करण्याची इंजेक्शनं देऊन गेले. पुढचे अकरा तास दोन पोरांनी काम केलं. त्यातला एक चहाला बाहेर आला तेव्हा मोकळेपणानं म्हणाला, "सर, मैं छह महिने से सीख रहा हूं."

मला तेव्हा माहीत नव्हतं की चारच महिन्यांपूर्वी, सप्टेंबर २०२२ मध्ये, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं याच विषयावर सूचना काढल्या होत्या. ही शस्त्रक्रिया रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरनंच करावी, मदतनीसांनी त्याच्या देखरेखीखाली काम करावं, कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहून शिकणं पुरेसं नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. मला हेही आठवायला हवं होतं की मार्च २०१९ मध्ये मुंबईत ४३ वर्षांच्या एका व्यावसायिकाचा केसरोपणानंतर दोन दिवसांत मृत्यू झाला होता. एकाच बैठकीत ९,५०० ग्राफ्ट लावल्याच्या बातम्या होत्या, आणि तीव्र अ‍ॅलर्जीची शंका डॉक्टरांनी व्यक्त केली होती. सुन्न करण्याच्या औषधाला वजनाप्रमाणे मर्यादा असते. जितके जास्त ग्राफ्ट, तितके जास्त तास आणि तितकं जास्त औषध. "एकाच दिवसात" ही जाहिरातीतली खुबी नव्हे, धोका आहे.

भाऊ जिवंत घरी आला, अल्लाहचा शुक्र. तिसऱ्या दिवशी कपाळाची सूज डोळ्यांवर उतरली. वाकायला मनाई होती, म्हणून त्यानं खुर्चीवर बसून इशाऱ्यानं नमाज पढली. धडधाकट पोराला खुर्चीवर नमाज पढताना पाहून अम्मीनं तोंडाला पदर लावला.

खरी फजिती तीन आठवड्यांनी झाली. लावलेले केस गळायला लागले. घाबरून फोन केला तर पलीकडून उत्तर आलं, "नॉर्मल आहे सर, संमतीपत्रात लिहिलंय." मी चार पानं काढली. चौथ्या पानावर खरंच लिहिलं होतं. लावलेला केस दोन-चार आठवड्यांत गळतो, मूळ आत राहतं, तीन-चार महिन्यांनी नवा केस येतो आणि खरा परिणाम वर्षभरानं दिसतो. म्हणजे ज्या निकाहसाठी हे सगळं केलं, त्या निकाहला भावाचं डोकं आधीपेक्षा जास्त उघडं आणि वर लालभडक असणार होतं. एवढी साधी गोष्ट विज्ञानाच्या मास्तरला वेळेवर कळली नव्हती.

निकाहला आठ दिवस असताना मी एसटीनं उमरग्याकडं गेलो. मुलीचे वडील आणि मामू बसले होते. मी टोपी काढली आणि म्हणालो, "हमारे घर में सब का ऐसाच है. लडके का बी. फोटू में छुपाया सो मेरी गलती." ऑपरेशनचंही सांगितलं. वडील बराच वेळ बोलले नाहीत. चहा आला, निवला. मग आतून मुलीचा लहान भाऊ आला आणि मामूंच्या कानात काहीतरी पुटपुटला. मामू हसायला लागले. मुलीनं निरोप पाठवला होता, "जवान लडका फोटू में टोपी पैनको बैठा, मैं तबीच समझ गई थी."

निकाह ठरल्या तारखेला झाला. वर्षभरानं भावाला पुढं विरळ केस आले. हात हलका नव्हता, बरीच मुळं वायाच गेली असणार. मागचं डोकं मात्र कसर लागलेल्या शालीसारखं झालं, जागोजाग ठिपके. मागच्या सुट्टीत आम्ही पुन्हा सोलापूरच्या त्याच डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तेच भिंग काढलं, बराच वेळ पाहिलं. ओरडले नाहीत. म्हणाले, "मागं आता घेण्यासारखं फार नाही. दाढीचे केस घेता येतात, पण ते जाड असतात, सगळीकडे शोभत नाहीत." भाऊ दाढीवरून हात फिरवत म्हणाला, "इसकू रहने दो, साहब." त्यानं औषध चालू ठेवलं आहे. एवढंच.

केस लावू नयेत, असं मी म्हणत नाही. भाजलेल्या, अपघातात कातडी गेलेल्या माणसासाठी ही नेमत आहे. ज्याला टकलाचं मनापासून दुःख आहे त्यानंही लावावेत. पण हल्ली कुणी माझ्याकडे विचारायला आलं तर पद्धतीचं नाव मी शेवटी सांगतो. आधी विचारतो, केस का गळताहेत हे डॉक्टरनं पाहिलं का? २०२४ च्या अखेरीस बुलढाण्यात शेगावच्या गावांमध्ये लोकांचे केस अचानक गेले; असल्या गळतीला सुरी नव्हे, कारणाचा शोध लागतो. तुझं टक्कल थांबलंय का? हत्यार शेवटपर्यंत कुणाच्या हातात राहणार? मागं किती शिल्लक आहे आणि आज त्यातलं किती खर्च होणार? आणि ज्याच्यासाठी लावतो आहेस, त्याला टक्कल दाखवून झालंय का?

आता मी वर्गात टोपी काढून शिकवतो. पहिल्या दिवशी पोरं खुदखुदली. दुसऱ्या दिवशी एकानं विचारलं, "सर, बाल कायकू जाते?" मी फळ्यावर केसाचं चित्र काढलं, मूळ दाखवलं, आणि त्या दिवसाचा तास त्यावरच घेतला.