एका अंगाचे माप

साडी कुणालाही येते. आईची लेकीला, थोरल्या जावेची धाकटीला, घरच्या बाईची आलेल्या पाहुणीला. नेसणारी बदलली म्हणून साडीत काही करावे लागत नाही. तिच्यावरचा ब्लाऊज मात्र एकीचाच असतो. मुंढा अर्धा इंच चुकला की हात वर जात नाही, गळा अर्धा इंच रुंद झाला की खांद्यावरून घसरतो. फ्रॉक, शर्ट, सलवार-कुर्ता सारे तयार मिळू लागले, स्वस्तही झाले. ब्लाऊज मात्र बहुतेक मापानेच शिवायचा राहिला आणि त्याच्या आधाराने महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत शिलाई मशीनही राहिली.

अशी घरे असलेले गोंदिया जिल्ह्यातले देवरी हे छत्तीसगडच्या सीमेजवळचे तालुक्याचे गाव. सुरतेजवळच्या हजिऱ्याहून निघालेला राष्ट्रीय महामार्ग ५३, म्हणजे पूर्वीचा सहा नंबरचा, इथून पुढे छत्तीसगडात शिरतो. कृत्रिम धाग्याच्या कापडाची देशातली सर्वांत मोठी पेठ ज्या रस्त्याच्या टोकाला आहे, त्या रस्त्यावरच्या गावात स्वतःचा कपडा स्वतः शिवण्याची गरज फारशी उरलेली नाही. उरली आहे ती आवड. गरजेचा ताण गेल्यावर त्या कामातले सौंदर्य अधिक मोकळेपणाने दिसते.

घरच्या शिलाईची सुरुवात टेपने होते. छाती, कंबर, खांदा, उंची, बाहीची लांबी, दंडाचा घेर ही मापे वहीत उतरतात. माप घेताना डोळा जे टिपतो ते मात्र वहीत मावत नाही. बहुतेक माणसांचा एक खांदा दुसऱ्याहून किंचित उतरता असतो. कुणाच्या पाठीला बाक असतो, तिला मागचा भाग लांब लागतो आणि पुढचा आखूड. कुणाला गळा खोल आवडतो, कुणाला मानेशी बसलेला. कारखाना स्मॉल, मीडियम, लार्ज अशा सरासरीवर कापतो, आणि सरासरीचा देह कुणाचाच नसतो. घरी शिवणारी व्यक्ती एकाच माणसाकडे काही वेळ पूर्ण लक्ष देऊन पाहते. या कलेचे मर्म त्या पाहण्यात आहे. शिवण नंतर येते.

मापावरून आकृती काढायचे शास्त्र मराठी शिवणवर्गांत के. आर. झारापकर यांच्या कर्तनपद्धतीच्या पुस्तकातून पिढ्यांनी गिरवले. छातीचे माप हा त्याचा पाया. त्याचा चौथा भाग घ्यायचा, सैलपणासाठी इंच-दीड इंच मिळवायचा, आणि मुंढ्याची खोली, गळ्याची रुंदी यांचे हिशेब त्याच मापातून काढायचे. अमेरिकेत एबेनेझर बटरिकने १८६३ मध्ये ठरावीक मापांचे कागदी नमुने विकायला काढले आणि घरोघरी तेच पसरून कापणे सुरू झाले. मराठी घरात नमुना विकत घ्यायची रीत फारशी रुजली नाही. जुन्या वर्तमानपत्रावर पट्टी आणि पेन्सिल घेऊन तो काढायचा, किंवा नीट बसणारा ‘मापाचा ब्लाऊज’ शेजारी ठेवून त्यावरून उतरवायचा. अपूर्णांकांची भीती ज्यांची शाळेत गेली नाही, अशा कितीतरी मुलींची ती या कागदावर गेली असेल.

मापाशिवाय शिवले की काय होते, ते राज्याने अलीकडेच पाहिले. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षात सरकारी शाळांच्या गणवेशाचे कापड एका जागी खरेदी करून, ते कापून, महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचतगटांच्या स्त्रियांकडून शिवून घ्यायचे ठरले. गणवेश उशिरा पोचल्याच्या आणि मापात न बसल्याच्या तक्रारी आल्या, आणि २०२४ च्या अखेरीस खरेदीचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेला. शिवणाऱ्या हातांत कसब होते. ज्या मुलासाठी कपडा होता ते मूल त्या हातांसमोर नव्हते.

मापातली एक गोष्ट नवशिक्याला उलटी वाटते. हात मोकळा हलायला हवा तर मुंढा खोल कापावा, असे मनात येते. खोल मुंढ्यात बाही बगलेपासून दूर जोडली जाते, त्यामुळे हात उचलताच सगळा कपडा वर ओढला जातो. मुंढा बगलेलगत ठेवला तर हात फिरतो आणि कपडा जागेवर राहतो. धानाच्या रोवणीत दिवसभर वाकून, हात पुढे करून काम करणाऱ्या बाईच्या ब्लाऊजला हे ज्ञान फार लागते. जुन्या कुर्त्यांत काखेत चौकोनी तुकडा बसवत, तोही याच कारणासाठी.

माप झाले की कापड. सुती कापड कापण्याआधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घेतात, कारण पहिल्या पाण्यात ते आटते. पॉपलिन आणि कॅम्ब्रिक नवशिक्याला सोपे, जॉर्जेट कात्रीखालून निसटणारे. देवरीच्या या भागात मात्र कापडाचा विषय निघाला की तो कोशापाशी, म्हणजे टसर रेशमापाशी, थांबल्यावाचून राहत नाही.

पूर्व विदर्भाच्या जंगलात ऐन आणि अर्जुन ही झाडे आहेत, आणि टसरची अळी त्यांच्या पानांवर वाढते. तुतीची रेशीमअळी घरातल्या ताटात वाढवता येते. टसरची अळी उघड्या झाडावरच राहते. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या जिल्ह्यांत हे काम प्रामुख्याने ढीवर समाजाने पिढ्यान्‌पिढ्या केले आहे. पावसाळा लागला की अंड्यांतून निघालेल्या अळ्या झाडावर चढवायच्या आणि मग त्यांची राखण करायची. पाखरे टिपतात, मुंग्या लागतात, पाऊस झोडपतो. एका झाडाची पाने संपली की अळ्या दुसऱ्या झाडावर न्याव्या लागतात. मासेमारीत पाण्याचा अंदाज घेणारा हा समाज जंगलात पानांचा आणि आभाळाचा अंदाज घेत राहतो. अळी पुरी वाढली की फांदीला एक घट्ट कडी करते, तिच्यातून देठ सोडते आणि त्या देठाला कोश टांगते. कोश इतका टणक असतो की त्यातून धागा मोकळा करायला तो सोड्याच्या पाण्यात उकळावा लागतो.

उकळलेल्या कोशांतून तंतू ओढायचे आणि उघड्या मांडीवर तळहाताने पीळ देत त्यांचा एक धागा करायचा, ही जुनी रीत. बायकांच्या मांडीची कातडी त्या घर्षणाने सोलवटते. आता त्यासाठी यंत्रे आली आहेत आणि ती प्रत्येक घरी पोचायला हवीत. हातमागाच्या कौतुकात या वेदनेचे कौतुक मिसळू नये. हा तंतू तुतीच्या रेशमापेक्षा जाड आणि चपटा असतो, म्हणून कोशाच्या कापडाला आरशासारखी चकाकी येत नाही, आतून उजळल्यासारखी मंद झळाळी येते. रंग न देताच ते मधाच्या छटेचे असते. भंडारा जिल्ह्यातल्या आंधळगाव-मोहाडीकडे आणि गडचिरोलीतल्या आरमोरीला या धाग्याचे नाव आहे. सीमेपलीकडे छत्तीसगडातले चांपा कोशासाठीच ओळखले जाते. विदर्भाच्या करवतकाठी साडीला भौगोलिक मानांकन आहे. तिचे अंग टसरचे आणि काठ सुती, करवतीच्या दात्यांसारखा. अंग आणि काठ वेगवेगळ्या धोट्यांनी विणत, दोन्हींचे धागे एकमेकांत अडकवत विणकर पुढे जातो, म्हणून दाते स्वच्छ उमटतात. फुलांच्या भरगच्च जरीपेक्षा हा काठ अधिक देखणा आहे: सरळ रेषांचा, कमी बोलणारा, लांबून ओळखू येणारा.

असे कापड घरी शिवायला घेणे हे धैर्याचे काम आहे. कोशाच्या कडा लगेच सुटतात, म्हणून शिवणीत नेहमीपेक्षा जास्त माया, म्हणजे टिपेपलीकडचे जादा कापड, ठेवतात आणि कडा आधी बंद करून घेतात. चुकीची टीप उसवली तरी सुईची भोके दिसत राहतात. म्हणून आधी मांजरपाटाचा कच्चा ब्लाऊज शिवून, अंगावर घालून, चुका त्यावर दुरुस्त करतात. सुई बारीक, ११ नंबरची. साध्या सुती कापडाला १४ आणि जाड्याला १६ लागते. धुणे रिठ्याच्या पाण्यात, वाळवणे सावलीत.

कापणी हे शिलाईतले असे पाऊल आहे, जे मागे घेता येत नाही. कापडाचा उभा धागा सर्वांत कमी ताणला जातो, आडवा थोडा अधिक, आणि दोन्हींच्या मधली तिरपी दिशा, म्हणजे उरेब, सर्वांत जास्त. गळ्याची गोलाई बांधायला उरेब पट्टीच लागते, ती वळणाबरोबर वळते. सपाट कापडाला गोल देहावर बसवण्यासाठी टक्स घालतात: कापडाची पाचर दुमडून शिवली की तिच्या टोकापाशी फुगवटा तयार होतो. कटोरी ब्लाऊज हाच फुगवटा वेगळ्या तुकड्यातून घडवतो, प्रिन्सेस कट खांद्यापासून किंवा मुंढ्यापासून उतरणाऱ्या लांब शिवणीत तो लपवतो. तिन्हींत कटोरीची बैठक उत्तम आणि मेहनत जास्त. जुनी खणाची चोळी याहून काटकसरी होती. खण दुमडून, त्यातूनच पाठ, पुढचे भाग आणि बाह्या काढून, उरलेले त्रिकोण काखेत बसवत. कापड मागावर विणायला किती वेळ लागतो हे ठाऊक असलेल्या काळाची ती कापणी होती.

मग मशीन. एलियास होव यांचे पेटंट १८४६ चे, आयझॅक सिंगर यांचे १८५१ चे. टोकाशी भोक असलेली सुई वरचा दोरा कापडाखाली नेते, तिथे त्याचा फास होतो, शटल तो फास बॉबिनच्या दोऱ्याभोवती फिरवते आणि दोन्ही दोरे कापडाच्या मध्यावर एकमेकांत अडकतात. कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचे फास लोंबू लागले तर वरच्या दोऱ्याचा ताण सैल आहे असे समजावे. भारतात कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने १९३० च्या दशकात उषा मशीन काढली आणि पुढे ती घरोघरी गेली. यंत्रांविषयी साशंक असलेल्या गांधीजींनी १९२४ मध्ये एका मुलाखतीत शिवणयंत्राचा अपवाद केला. सिंगर यांनी पत्नीचे कष्ट पाहून प्रेमापोटी हे यंत्र शोधले, असे त्यांनी सांगितले. ही हकिगत इतिहासाला धरून नाही, पण त्यामागची कसोटी आजही खरी आहे: यंत्र माणसासाठी आहे की माणूस यंत्रासाठी? असे यंत्र बनवायलाही कारखाना लागेलच, या शंकेवर, तो राष्ट्राच्या मालकीचा असावा, असे त्यांचे उत्तर होते.  पायडलची मशीन त्या कसोटीला आजही उतरते. वीज गेली तरी चालते, आणि तिचा वेग पायाच्या ताब्यात असतो.

शिकण्याचा क्रम जुन्या बायकांनी नीट लावलेला आहे. आधी सरळ टिपेची पिशवी, मग अभ्रा, मग नाडीचा परकर, मग झबले. झबल्याला मऊ, वापरलेले सुती कापड घेतात आणि शिवणी बाहेरच्या बाजूला ठेवतात, म्हणजे बाळाच्या कातडीला काही बोचत नाही. कुंची, टोपडे, दुपटे यांनी बाळंतविडा पुरा होतो. पूर्व विदर्भात दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरते, पाहुणे येतात, दंडारीचे लोकनाट्य रंगते. त्या दिवसांसाठी मुलींचे फ्रॉक आणि स्वतःचे कुर्ते शिवणे हा या छंदाचा आनंदाचा काळ असतो. रंग कोणता, लेस कुठे, खिसा हवा की नको, हे सारे इथे घालणारीच ठरवते. बायकांच्या तयार कपड्यांना खिसा क्वचितच असतो. घरी शिवणारीने तो जरूर घालावा.

शेवटचे काम हाताचे. खालची दुमड हेम घालून, सुलट बाजूला टाका दिसणार नाही असा एकेक धागा उचलत शिवतात. काजाचे टाके जवळजवळ घालतात, हूक दुहेरी दोऱ्याने पक्के करतात. मग इस्त्री, आणि ती प्रत्येक शिवणीनंतर केली तर कपडा सुबक होतो. वाढत्या मुलीच्या फ्रॉकच्या दुमडीत तीन-चार इंच आणि बाजूंच्या शिवणीत इंचभर माया ठेवली, तर पुढच्या वर्षी दुमड उलगडून, शिवण उसवून तोच फ्रॉक पुन्हा तिच्या मापाचा करता येतो. तयार कपड्यांत ही माया जेमतेम असते. घरच्या कपड्यात ती ठेवताना शिवणारीने त्या मुलीचे पुढचे वर्षही मोजलेले असते.