तबकडीवरचा उजेड

आमची मोटारसायकल १९९८ सालची, शंभर सीसीची. तिच्या वेगदर्शक तबकडीवर रात्री जो काही पडे, त्याला उजेड म्हणणे हे सौजन्यच होते. चाळिसाचा आकडा वाचण्यासाठी हँडलवर वाकावे लागे, आणि गाडी सिग्नलला थांबली की तोही मावळे. अशा अनेक जुन्या गाड्यांत पुढचा दिवा आणि मीटरचा बल्ब बॅटरीवर नव्हे, तर थेट इंजिनाच्या मॅग्नेटोवर जळतात. इंजिन मंदावले की दिवेही मंदावतात. हे ठाऊक असूनही आम्ही सारा दोष बल्बला दिला.

गॅरेजमधल्या मुलाने सुचवले, ‘सर, एलईडी टाका, पांढराशुभ्र दिसेल.’ तसे ते दिसलेही. आकडे तर दिसलेच, पण काचेवरचे ओरखडे, काट्याची सावली, आत साठलेली वर्षानुवर्षांची धूळ, सारे उजळून निघाले. एखाद्या जुन्या ग्रंथाची सटीप आवृत्ती हाती यावी आणि टिपांनीच पान व्यापावे, तसे काहीसे. तरीही आम्ही खूश होतो.

त्याच आठवड्यात माणगावहून ताम्हिणी घाटाने पुण्याकडे परतताना रात्र झाली. मागे पत्नी बसली होती. तबकडीचे निळसर प्रतिबिंब हेल्मेटच्या काचेवर तरळत होते आणि त्यापलीकडचा रस्ता काळ्या पाटीसारखा सपाट झाला होता. एका वळणावर रस्त्यातच बसलेली म्हैस आम्हाला दिसली, ती अगदी जवळ गेल्यावर. करकचून ब्रेक दाबला, मागचे चाक घसरले, गाडी कशीबशी थांबली. म्हैस हललीसुद्धा नाही. पत्नी एवढेच म्हणाली, ‘अहो, तुम्हाला ती दिसली नाही का? मला तर केव्हाच दिसली होती.’

‘मीटरचा उजेड फार होतो आहे,’ आम्ही म्हणालो.

पुढच्या रविवारी मीटर स्वतःच उघडले. होल्डरच्या पत्र्यांवर हिरवा गंज चढला होता. काढून ठेवलेल्या जुन्या बल्बची काच आतून काळवंडली होती; तारेतले टंगस्टन उडून काचेवर बसते, त्याचा तो थर. अशा बल्बला मिळणारे व्होल्टेज पाच टक्क्यांनी उतरले, तर प्रकाश सुमारे पंधरा टक्क्यांनी उतरतो. पॉलिश पेपरने पत्रे घासले, मीटर आतून पुसले, आणि १.७ वॅटचा साधाच नवा बल्ब बसवला. उजेड पिवळसर, बेताचा, पण आकडा वाचण्यापुरता पडला. अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस ते तीस मिनिटे लागतात. समोरच लखलखाट असेल तर ते सरावणे पुरे होतच नाही. पांढऱ्या दिव्याने आम्हाला आमचा वेग दाखवला होता आणि त्याची किंमत रस्त्याने मोजली होती.

एवढ्यावर हे प्रकरण मिटले असते. पण नवा बल्बही आम्हाला किंचित मंदच वाटत राहिला. गॅरेजमधल्या मुलाला तो ‘एकदम ओके’ दिसत होता. तेव्हा कुठे आम्ही नेत्रतज्ज्ञांकडे गेलो. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोचतो, आणि डोळ्यातले भिंग धुरकटले की समोरची तिरीप अधिकच फाकते, असे त्यांनी शांतपणे सांगितले.

अंधार पडल्यावर आम्ही आता घाटात गाडी घालत नाही. त्या रात्री पत्नीला दिलेले उत्तर खोटे नव्हते, पण अपुरे होते. उरलेले उत्तर आम्ही तिला नेत्रतज्ज्ञांकडून परतल्यावर दिले. ती म्हणाली, ‘मला ते घाटातच कळले होते.’