इंग्रजीच्या तासाला सगळे एका रेघेवर

अहेरी तालुक्यात प्राथमिक शाळेत इंग्रजी शिकवतो असे सांगितले की समोरच्याला माझी कीव येते. "तिकडच्या पोरांना धड मराठी येत नाही, इंग्रजी कुठून येणार?" हे मी नागपुरात ऐकले, चंद्रपुरात ऐकले, लग्नाच्या पंगतीत ऐकले. आता वाद घालत नाही. माझे मत मात्र बरोबर उलटे झाले आहे. या भागात इंग्रजी शिकवणे मराठी शिकवण्यापेक्षा सोपे आहे, आणि गणितापेक्षा तर नक्कीच. एक पथ्य तेवढे पाळावे लागते: इंग्रजी मराठीतून शिकवायची नाही.

वर्गात कोण बसते ते आधी सांगतो. अहेरी प्राणहितेच्या काठची. नदी ओलांडली की तेलंगण, त्यामुळे इथल्या कितीतरी घरांत तेलुगू बोलतात आणि सिरोंच्याच्या बाजूला जावे तशी ती वाढतच जाते. आसपासच्या टोल्यांवर गोंडी. आलापल्लीहून भामरागडच्या रस्त्याला लागले की माडिया. पूर्व बंगालमधून आलेल्या कुटुंबांना १९६०च्या दशकात मुलचेरा, चामोर्शीकडे वसवले गेले. त्यांच्या नातवंडांच्या तोंडी अजून बंगाली आहे. जी मराठी घरे आहेत त्यांचीही बोली झाडीची. "सर, मले नाई समजलं," असे पोरगे सांगते आणि पुस्तकात 'मला' छापलेले असते. पुस्तकातली मराठी घरी बोलणारा मुलगा म्हणजे एखाद्या ग्रामसेवकाचा, नाहीतर वनखात्यातल्या बाबूचा.

आता या वर्गात फळ्यावर 'डॉग म्हणजे कुत्रा' लिहिले की काय होते? ग्रामसेवकाच्या मुलाचे काम झाले. गोंडी बोलणाऱ्या मुलीला आधी कुत्र्यापर्यंत पोचायचे आहे, मग डॉगपर्यंत. प्राणहिता ओलांडायची तर तिला आधी गोदावरी ओलांडून यायला सांगितल्यासारखे हे आहे. तास संपेपर्यंत ती पहिल्याच काठावर असते, आणि आपण प्रगतिपुस्तकात लिहितो, 'इंग्रजीत कच्ची'.

मराठीच्या तासाला, परिसर अभ्यासाच्या तासाला, अगदी गणितातल्या शाब्दिक उदाहरणांनाही मराठी घरातले मूल दहा पावले पुढून धावते. त्याला इलाज आहे, पण तो लांबचा. इंग्रजी मात्र कुणाच्याच घरी बोलत नाहीत. बाबूच्या घरी नाही, बंगाली दुकानदाराच्या घरी नाही, माडिया घरी तर नाहीच. दिवसभरात हा एकच तास असा, की सगळी मुले एका रेघेवरून सुटतात. ती रेघ पुसायची नाही, एवढेच माझे काम. मराठीत अर्थ सांगितला की ती पुसली जाते.

राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली २००० साली. त्याआधी ती पाचवीपासून असायची. पाचवीची पद्धत तशीच उचलून पहिलीत आणली गेली, असे मला वाटते: अक्षरे गिरवणे, स्पेलिंग पाठ, शब्दार्थ, प्रश्नोत्तरे. बालभारतीची नवी पुस्तके त्यापेक्षा कितीतरी बरी आहेत; गाणी, खेळ, वर्गात द्यायच्या सूचना, सगळे त्यांत आहे. पण पुस्तक बदलले म्हणून हात बदलत नाहीत. खडू हातात आला की आपण शब्दार्थच लिहितो.

जूनमध्ये मी फळा वापरतच नाही. जेम्स ॲशर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात एक साधी गोष्ट मांडली होती: तान्हे मूल भाषा आधी अंगाने समजते, बोलते पुष्कळ नंतर. 'ये', 'दे', 'बस' हे सगळे त्याला बोलण्याआधी कळत असते. मग दुसरी भाषाही तशीच का देऊ नये? तेव्हा मी बोलतो आणि करतो, मुले बघतात आणि करतात. 'स्टँड अप.' 'टच द डोअर.' 'पिक अप अ स्टोन.' 'पुट द स्टोन इन द बकेट.' बोलायची सक्ती कुणालाच नाही. आठ-पंधरा दिवसांत मी करणे बंद करतो, नुसता बोलतो. मग सूचना फिरवायच्या: 'अंडर द बकेट', 'बिहाइंड द बकेट'. इथे गंमत सुरू होते. एकदा 'अंडर' म्हटल्यावर पुस्तकी मराठीवाल्या हुशार मुलाने दगड बादलीत टाकला आणि महिनाभर तोंड न उघडलेल्या माडिया मुलीने शांतपणे तो उचलून बादलीखाली सारला. वर्ग हसला, तोही हसला. मराठीच्या तासाला असे कधी घडले नसते, कारण तिथे तिला दगड कुठे ठेवायचा हेच कळले नसते.

ही मुलगी दिवाळीपर्यंत इंग्रजीत एक शब्द बोलली नाही. केंद्रप्रमुख आले की अशीच मुले पहिल्यांदा नजरेत भरतात. 'हिला काही येत नाही' हा शेरा ठरलेला. मी त्यांना विनंती करतो की तिला विचारू नका, सांगा. 'क्लोज द विंडो' म्हणा आणि बघा. भाषाशिक्षणाच्या पुस्तकांत या गप्प राहण्याच्या काळाबद्दल पानेच्या पाने लिहिली आहेत. आमच्या मूल्यमापनाच्या नोंदवहीत त्याला एक रकाना नाही.

आकडे शिकवायला मी पाने वापरतो. तेंदूचा हंगाम मे महिन्याचा, तेव्हा शाळेला सुट्टी, म्हणून वर्गात पळसाची पाने. आपल्याकडे तेंदूचा पुडा ७० पानांचा. हे इथल्या पोरांना कुणी शिकवावे लागत नाही; आईबरोबर पहाटे रानात जाऊन, दुपारी दारात बसून त्यांनी पुडे बांधलेले असतात आणि फळीवर, म्हणजे पाने विकत घेतात तिथे, पुडा कमी भरला तर काय ऐकून घ्यावे लागते तेही बघितलेले असते. गटागटाला पाने देतो आणि पुडे बांधायला सांगतो, मोजणी इंग्रजीत. मग मी फळीवरचा मुनीम होतो आणि पुडे तपासायला मुद्दाम अदलाबदल करून देतो, त्यातल्या एकात दोन पाने कमी. "नो सेव्हंटी! सिक्स्टी एट!" एक पोरगा ओरडतो. व्याकरण चुकले. मी दुरुस्त करत नाही, 'ओह, इट इज नॉट सेव्हंटी!' असे नुसते पुन्हा म्हणतो आणि दोन पाने घालतो. एरवी 'वन टू टेन' म्हणताना अडखळणारा वर्ग सत्तरपर्यंत मोजतो, कारण सत्तरला काही अर्थ आहे. दहा पानांचा पुडा कुणी विकत घेत नाही.

वाक्यरचनेची एक खोच सांगतो. मराठीत क्रियापद शेवटी येते. गोंडीत आणि तेलुगूत शेवटी येते, बंगालीतही शेवटीच. म्हणून 'आय मँगो ईट' हे वाक्य वर्गातल्या प्रत्येक घरून येते, ग्रामसेवकाच्या घरूनही. सगळ्यांची चूक एकच असली की ती काढायला सोपी. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मोठे शब्द लिहितो आणि मुलांच्या हातांत देतो. तिघे रांगेत उभे: आय, मँगो, ईट. 'ईट' झालेली मुलगी टोकाला असते. बाकीच्यांनी तिला हाताला धरून मधे आणायचे आणि तिने दोघांच्या मधे खांदे घुसवून जागा करायची. मग 'वॉटर-ड्रिंक', 'होम-गो', तेच पुन्हा. ढकलाढकली होते, आवाज होतो, शेजारच्या वर्गाची तक्रार येते. कर्ता-कर्म-क्रियापद हे शब्द उच्चारावे लागत नाहीत. आर्टिकलच्या नादी मात्र मी चौथीपर्यंत लागत नाही. ती ऐकून ऐकून येतात, आणि नाही आली तरी बस चुकत नाही.

अक्षरांचे म्हणाल तर 'ए फॉर ॲपल'शी माझे वैर नाही, सफरचंद आलापल्लीच्या बाजारातही मिळते. पण ए-बी-सी-डी या क्रमाने गेले तर पहिला वाचता येणारा शब्द हाती लागायला उशीर होतो. ब्रिटनमधल्या जॉली फोनिक्स या वाचनपद्धतीवाल्यांनी एस, ए, टी, आय, पी, एन ही सहा अक्षरे आधी घेतली. त्यांचे आवाज कळले की सॅट, पिन, टिन, टॅप, पॅन, ॲन्ट असे शब्द मुले आठवड्याभरात स्वतः लावतात. आमच्याकडे ॲन्टला विशेष मान आहे. लाल मुंग्यांची चटणी खाणाऱ्या घरातले पोर 'ॲन्ट' वाचून जे खुलते ते ॲपल वाचून खुलत नाही. बी आणि डी उलटेसुलटे लिहिणे वर्षभर चालते, चालू द्यावे.

भिंतीचा एक भाग मी भाषांना दिला आहे. एक चित्र आणि त्याखाली वर्गातल्या सगळ्या भाषा: येर, नीळ्ळू, जल, पाणी, वॉटर. गोंडी, तेलुगू, बंगाली शब्द मुले सांगतात, मी देवनागरीत लिहितो आणि ती माझा उच्चार सुधारतात. घरची भाषा वर्गात आली की इंग्रजी मागे पडेल ही भीती निराधार आहे. एका भाषेतून दुसरीत उडी मारण्याची सवय या मुलांना आपल्यापेक्षा जास्त आहे. तेलुगू दुकानदाराशी तेलुगूत घासाघीस करून तीच मुलगी शाळेत येते आणि गोंडीत मैत्रिणीला भाव सांगते. मुलांचे जग वर्गात आणणे नवे नाही. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी वारली मुलांना शिकवताना रानातल्या काड्या, दगड, बिया हेच साहित्य मानले होते. न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवणाऱ्या सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नरने तर वाचनाचे शब्दच मुलांकडून मागून घेतले: तुला आज कोणता शब्द हवा? तिचे 'टीचर' हे पुस्तक १९६३चे. मी ही युक्ती सरळ उचलली आहे. शनिवारी प्रत्येकाला हवा तो एक शब्द पुठ्ठ्याच्या कार्डावर लिहून मिळतो आणि तो त्याचा. आमच्या डब्यातली कार्डे बघितली की गाव कळते: एलिफंट, कारण कमलापूरचा हत्ती कॅम्प याच तालुक्यात, ट्रक, कारण सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक दिवसरात्र रस्त्याने जातात, टायगर, मोबाइल, फ्लड, ग्रँडमदर. यातले निम्मे शब्द कोणत्याही पहिल्या पुस्तकात नाहीत, आणि मुले ते विसरत नाहीत.

साधनांची ओरड मला पटत नाही. पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेसने 'वी लर्न इंग्लिश' हा ऐकण्याचा कार्यक्रम केला. त्यातला आवाज मुलांना थांबून थांबून काही करायला, म्हणायला लावतो. शिक्षकाचे स्वतःचे इंग्रजी लटपटत असेल तर त्यासारखा आधार नाही, आणि आमच्यापैकी पुष्कळांचे लटपटते हे मान्य करायला लाज कसली? पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडवरून दीक्षा ॲपवरचे साहित्य उघडते, जिथे नेट आहे तिथे. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर चित्रगोष्टी फुकट मिळतात, इंग्रजीत, मराठीत आणि काही गोंडीतही. त्या गोंडीतले काही शब्द आमच्या मुलांना परके वाटतात, मुले ते हसत हसत बदलून घेतात. तेच चित्र आधी गोंडीत, मग इंग्रजीत वाचून दाखवावे. मधे मराठी आणायचे कारणच उरत नाही.

वरच्या वर्गांसाठी मला भाषाशिक्षणतज्ज्ञ एन. एस. प्रभूंचा आधार वाटतो. १९७९ ते १९८४ या काळात त्यांनी बंगळूर, मद्रासकडच्या साध्या शाळांत व्याकरण बाजूला ठेवून मुलांना नकाशे, वेळापत्रके अशी कोडी दिली आणि इंग्रजी त्या ओघात येऊ दिली. आमच्याकडे अहेरी आगाराचे एसटीचे वेळापत्रक आहे. 'यू आर इन आलापल्ली. यू वॉन्ट टू गो टू सिरोंचा. विच बस?' पाचवीची मुले त्यावर भांडतात, आणि भांडण इंग्रजीत सुरू होऊन गोंडीत संपले तरी उत्तर इंग्रजीत द्यावे लागते.

याने मराठीचे नुकसान होते का, असे एका पालकाने मला विचारले होते. होत नाही. मराठीला तिचे तास आहेत आणि ते तितकेच कष्टाने शिकवावे लागतात. इंग्रजीच्या तासाला तिचा दुभाषा केला की दोन्ही भाषा अर्ध्या राहतात. पालकांना इंग्रजी हवीच आहे. त्यासाठी ते पोट मारून कॉन्व्हेंटची फी भरतात, कुणी मुलांना आदिवासी विभागाच्या नामांकित शाळा योजनेतून दूर शहरांत धाडतात. सहा वर्षांचे लेकरू घरापासून इतके लांब गेलेले मला बघवत नाही, पण गावातल्या शाळेत इंग्रजी येत नाही असे बापाला वाटत असेल तर त्याला दोष कसा द्यायचा?

बदली होऊन इकडे येणाऱ्या शिक्षकांना एक विनंती आहे. येताना पेनड्राइव्हवर गोष्टी आणि ध्वनिफिती उतरवून आणा, चार्ज होणारा स्पीकर आणा. पावसाळ्यात वीज आणि नेट यांचा भरवसा धरू नका. आणि रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात शाळेत खिचडी शिजवणाऱ्या ताईंकडून 'बस', 'ऊठ', 'पाणी पी', 'भिऊ नको' एवढे तरी त्यांच्या भाषेत शिकून घ्या.