दिग्दर्शनाचा अर्ज

वाचकहो, आपण भोपाळला राहत असा, हैदराबादला असा की कानपूरला. चार मराठी बिऱ्हाडे एकत्र आली की प्रथम गणपती बसतो आणि पाठोपाठ नाटक बसू लागते, हा अनुभव आपणांस असेलच. १८४३ साली सांगलीस विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, तेव्हापासूनची ही हौस आहे. ती महाराष्ट्राच्या सीमेशी कधी थांबली नाही. आचार्य अत्रे यांच्या ‘तो मी नव्हेच’चा पहिला प्रयोग १९६२ साली झाला तो दिल्लीत. असे असूनही आपल्या मंडळाचे नाटक कोणी बसवावयाचे, हे कसे ठरते, याचा विचार आपण फारसा करीत नाही. आज मी आपल्याशी बोलणार आहे ते त्याविषयी. नेमके सांगावयाचे तर एका अर्जाविषयी.

आमचे मंडळ बडोद्याचे. वर्षाकाठी एक नाटक होते. दिग्दर्शक निवडण्याची आमची रीत साधी होती. सभा संपली की पुरुषमंडळी ओसरीवर चहा घेत बसत. तेथे कोणी एक नाव सुचवी, दुसरा मान हलवी, आणि ते नाव कायम होई. आम्ही बायका त्या वेळी आत कपबशा विसळीत असू. यात कोणाचा दुष्टावा नव्हता. जे ओसरीवर होते त्यांची नावे ओसरीवर निघत, इतकेच. बावीस वर्षे मी या मंडळात आहे. विंगेत उभी राहून मी प्रॉम्प्टिंग केले, पात्रांना नऊवारी नेसविली, रंगाची पेटी सांभाळली. कोणता नट कोणत्या वाक्याला अडखळणार, हे त्याच्या आधी मला ठाऊक असे. पण “वहिनी, यंदा तुम्ही बसविता का?” असे कोणाच्या तोंडून कधी आले नाही.

गेल्या वर्षी नव्या कार्यकारिणीने फलकावर सूचना लावली. ज्या सभासदांस वार्षिक नाटकाचे दिग्दर्शन करावयाचे असेल त्यांनी लेखी अर्ज करावा. नाटकाचे नाव, ते निवडण्याचे कारण, पात्रांची संख्या, तालमींचा आराखडा आणि खर्चाचा अंदाज, अशी पाच कलमे होती. जुन्या सभासदांपैकी काहींना ही कचेरीची रीत वाटली. “नाटक म्हणजे काय रेशनकार्ड आहे?” असे एकाने विचारलेही. मला मात्र ती सूचना वाचून धीर आला. ओसरी कोणती आणि माजघर कोणते, हे कागदाला कळत नाही.

पहिले कलम मी चटकन भरले: ‘एकच प्याला’. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी गेले, आणि पुढच्याच महिन्यात गंधर्व नाटक मंडळीने या नाटकाचा पहिला प्रयोग केला तो आमच्या बडोद्यात. सुधाकराची भूमिका गणपतराव बोडसांनी केली, सिंधूची बालगंधर्वांनी. ज्या शहराने हे नाटक प्रथम पाहिले त्या शहराने ते पुन्हा पाहावे, असे दुसऱ्या कलमात लिहिले. आणि वाचून पाहून खोडून टाकले. जुनी आठवण ही भिंतीवर शिळा बसविण्यास पुरेशी असते. तीस माणसांच्या दहा आठवड्यांच्या संध्याकाळी मागण्यास ती पुरत नाही.

मग खरे कारण कोणते? आपण विचाराल, आणि समितीनेही पुढे विचारले, की गुजरातेत दारूबंदी असताना दारूचे नाटक कशाला? मुंबई राज्याचा १९४९ चा दारूबंदीचा कायदा १९६० साली नव्या गुजरात राज्यानेही पुढे चालविला, आणि परवान्याचे अपवाद सोडता बंदी आजही आहे. पण गडकऱ्यांचा सुधाकर काही गल्लीत दुकान आहे म्हणून पिऊ लागत नाही. तो बुद्धिमान वकील आहे, मानी आहे; भर न्यायालयात झालेला अपमान त्याला गिळता येत नाही, आणि नेमक्या त्या घटकेला तळीराम पेला पुढे करतो. अपमान आणि तळीराम यांना कोठल्याही राज्यात बंदी नाही. उलट जेथे दारू विकणे हा गुन्हा आहे, तेथे घरातले दुःख बाहेर सांगणे दुप्पट अवघड होते. शेजारणीजवळ मन मोकळे करावयाचे म्हणजे नवऱ्याचा गुन्हाच बोलून दाखविण्यासारखे. अशी घरे आमच्या मंडळातही आहेत. ती आम्हां सर्वांना माहीत आहेत, आणि माहीत नसल्यासारखे आम्ही वागतो. दुसऱ्या कलमात मी हे लिहिले. छापील कागदावर त्यासाठी तीनच ओळींची जागा होती. मी कागद उलटला आणि मागे लिहिले.

लिहिता लिहिता एक अडचण पुढे आली, आणि ती लिहिल्यावाचून मला दिसलीही नसती. सिंधूचे काय करावयाचे? माहेर सधन असूनही ती नवऱ्याला सोडीत नाही. दळण दळून दिवस काढते, मारही सोसते, आणि मरताना नवऱ्यालाच पाठीशी घालते. पिढ्यान्‌पिढ्या प्रेक्षकांनी तिच्यासाठी डोळे पुसले. परंतु आज माझ्या शेजारी बसणारी वीस वर्षांची मुलगी डोळे पुसण्याआधी विचारील, ‘ही निघून का जात नाही?’ तिला मी काय उत्तर देणार? नाटकाचा शेवट बदलणे हा एक मार्ग होता. पण दुसऱ्याच्या संहितेत आपला उपदेश घुसविणे मला रुचेना. नाटक पुन्हा वाचले, तेव्हा उत्तर गडकऱ्यांनीच ठेवलेले सापडले. तळीरामाची बायको गीता हिच्या घरीही तीच विपत्ती आहे. पण ती नवऱ्याला तोंडावर सुनावते. एकाच नाटकात दोन बायका आहेत: एक सोसते, एक बोलते. आपण सिंधूला लक्षात ठेवले आणि गीतेला विनोदाच्या खात्यात टाकले. मी अर्जात लिहिले, एकही वाक्य न बदलता या दोघींना सारखेच वजन देईन. माझे दिग्दर्शन त्या ओळीपाशी सुरू झाले. तालीम पुढे दोन महिन्यांनी व्हावयाची होती.

आता व्यवहाराची कलमे. ती रुक्ष आहेत असे समजू नका. नाटक बहुधा तेथेच बुडते. जुनी संगीत नाटके पाच अंकांची, रात्र रात्र चालणारी. मी पद्यांपैकी चारच ठेवली, उपकथानक आखडले आणि प्रयोग अडीच तासांत बसविण्याचे ठरविले. संहितेच्या हक्कांचा विचार आधी करावा. १९५७ च्या भारतीय प्रताधिकार कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे हक्क त्याच्या वारसांकडे राहतात. गडकऱ्यांच्या गद्यावरील मुदत केव्हाच संपली. पण या नाटकातील पदे वि. सी. गुर्जर यांची आहेत, म्हणून त्यांचा हिशेब वेगळा पाहावा लागला. विजय तेंडुलकर २००८ साली गेले. त्यांचे नाटक तिकीट लावून करावयाचे तर २०६८ अखेरपर्यंत लेखी परवानगी हवी. हौशी संस्थेने बिनतिकीट प्रेक्षकांपुढे प्रयोग केला तर कायदा सवलत देतो. तिकीट लावले की ती सवलत गेली.

तालमींचे गणित मी असे मांडले. दहा आठवडे, आठवड्यास चार संध्याकाळी, दर खेपेस दोन तास: एकूण ऐंशी तास. आपल्या मंडळींच्या सवयीप्रमाणे प्रत्येक संध्याकाळचा अर्धा तास ‘कोण कोण आले’ यात जातो. चाळीस संध्याकाळींचे ते वीस तास. उरले साठ. अडीच तासांच्या प्रयोगात ते वाटले तर रंगमंचावरच्या एका मिनिटामागे तालमीची चोवीस मिनिटे येतात. कागदावर हा आकडा पाहिल्यावर मी खाली नियम लिहिला: आठ वाजता जे हजर असतील त्यांना घेऊन तालीम सुरू होईल. खर्चात नेपथ्य एकाच घराचे ठेवले, आणि सिंधूचे जाते विकत न घेता एका सभासदाच्या माळ्यावरून उतरवावयाचे ठरविले. भूमिका आधी कोणास कबूल न करता उघड्या वाचनातून देईन, हेही लिहिले. मी आजारी पडल्यास सूत्रे कोणी घ्यावी, तेही एका वाक्यात नोंदविले.

तीन अर्ज आले. एकाने हमखास चालणारा फार्स सुचविला होता, दुसऱ्याने रहस्यनाट्य. पाच जणांच्या समितीपुढे मी बसले. मंडळाचे एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, “वहिनी, लोक दिवसभर कामाने थकून येतात. त्यांना रडवावयाचे कशाला?”

मी म्हटले, “भाऊ, आर्य मदिरा मंडळाच्या प्रवेशात लोक पोट धरून हसतात. तळीरामाबरोबर हसत हसत आपण कोठवर आलो, हे त्यांना मागाहून कळते. नाटकाचा घाटच तसा आहे. नुसते रडवावयाचे असते तर मी दुसरे नाटक निवडले असते.”

खजिनदारांनी तिकिटांविषयी विचारले. मी खर्चाचा कागद पुढे केला. तीन विरुद्ध दोन मतांनी अर्ज मंजूर झाला. अट एकच: शेवटची बस चुकू नये म्हणून प्रयोग दहाच्या आत संपला पाहिजे.

वाचनाच्या दिवशी जे घडले ते सांगावे की नाही, याचा मी बराच विचार केला. ज्यांच्याविषयी सांगते आहे त्यांची संमती घेतली आहे. ओळख पटेल असे काही लिहिणार नाही. मंडळातील एक बाई, कधीही रंगमंचावर न आलेल्या, वाचावयास आल्या. आवाज संथ, उच्चार स्वच्छ. सिंधूच यांच्याकडे जाणार, असे आम्ही सर्वांनी मनात धरले. दोन पाने त्यांनी वाचली. मग थांबल्या, पुढची पाने चाळली आणि मला म्हणाल्या, “ताई, हे मला वाचता येते. पण पुन्हा करावयाचे नाही. मला गीता द्या.”

कोणी काही विचारले नाही. विचारण्याची गरजही नव्हती. इतकी वर्षे माहीत नसल्यासारखे वागणारे आम्ही सारे तेथेच बसलो होतो. मी गीता त्यांना दिली. प्रयोगाच्या रात्री गीता नवऱ्याला सुनावते त्या ठिकाणी सभागृहात हशा अपेक्षित होता. हशा आला नाही. टाळ्या आल्या, त्याही बायकांच्या रांगांतून प्रथम. त्या बाईंच्या घरी त्यानंतर काय पालटले, हे नाटकाच्या श्रेयावर मांडणे योग्य नव्हे. परंतु मंडळातल्या दोन घरच्या स्त्रिया आता त्यांच्याकडे येऊन बसतात, बोलतात, आणि त्यांतील एका घरचा गृहस्थ उपचार घेतो आहे, एवढे मी पाहते.

वाचकहो, प्रत्येक अर्जातून असे काही निघेल असे मी म्हणत नाही. कित्येकदा चांगले हसविणारे नाटक हीच मंडळाची खरी गरज असते, आणि ते बसविणेही सोपे नाही. माझे म्हणणे इतकेच की, जो नाटक बसवू पाहतो त्याने ‘हेच का, आमच्यापुढेच का, आताच का’ याचे उत्तर कागदावर लिहून पाहावे. तोंडी सांगताना उत्साह उत्तराची जागा भरून काढतो. कागदावर ती जागा रिकामी दिसते. आणि जेथे अजून ओसरीवरच नाव ठरते, तेथील भगिनींनी व नवख्या तरुणांनी आपल्या कार्यकारिणीकडे लेखी अर्जाची पद्धत आग्रहाने मागावी. अर्ज नामंजूर झाला तरी तो कोणी वाचला, हे ठाऊक होते. ओसरीवर न निघालेल्या नावाला तेवढेही मिळत नाही.

आमच्या मंडळात यंदा सात अर्ज आले आहेत. त्यांतले चार स्त्रियांचे. या वेळी मी समितीत आहे, आणि सातही अर्जांचे दुसरे कलम प्रथम वाचते आहे. आपण अर्ज कराल तेव्हा त्या कलमाला जागा अपुरी पडली, तर कागद उलटून मागे लिहावे. वाचणारे मागची बाजूही वाचतात.