उभ्याने न दिसणारी अक्षरं

कीबोर्ड दुरुस्तीला घेऊन येणारा माणूस आधी आवाजाबद्दल बोलतो. अमुक पट्टी लागत नाही, डाव्या बाजूने खरखर येते, पेडल सोडलं तरी सूर लांबतो. सगळं सांगून झालं की निघताना, चपला घालता घालता म्हणतो, "आणि हो, तो डिस्प्ले जरा बघा." जरा! पंचवीस वर्षं हे काम करतोय, आणि माझा सगळ्यात जास्त वेळ या 'जरा'ने खाल्लाय.

खरं सांगायचं तर सुरुवातीची बरीच वर्षं डिस्प्लेच्या तक्रारीला मी दोष मानतच नव्हतो. आवाज येतोय ना, मग वाजवा की. हार्मोनियमला कुठे डिस्प्ले असतो? हे माझं मत अण्णांनी मोडलं.

अण्णा म्हणजे आमच्या भागातले जुने ऑर्केस्ट्रावाले. वय सत्तरीकडे, बोटं अजून तिशीत. त्यांचा एक कीबोर्ड एकाच तक्रारीसाठी तीनदा माझ्याकडे आला: अक्षरं दिसत नाहीत. दर वेळी मी तो उघडायचो, रिबनची टोकं स्पिरिटने पुसायचो, आतला कॉन्ट्रास्टचा प्रीसेट पेचकसाने थोडा फिरवायचो, टेबलावर ठेवून चालू करायचो. अक्षरं काजळाने लिहिल्यासारखी. तिसऱ्या वेळी मी जरा चिडूनच म्हणालो, "अण्णा, दिसतंय की सगळं स्पष्ट."

"तुला दिसतंय रे. तू बसलायस."

मी स्टुलावरून उठलो. उठता उठताच अक्षरं फिकी होत गेली, आणि पुरता उभा राहिलो तेव्हा त्या हिरवट काचेवर पुसलेल्या पाटीइतकंच उरलं होतं. अण्णा आयुष्यभर उभ्याने वाजवत आले. आणि मी त्यांचा डिस्प्ले आयुष्यभर बसून दुरुस्त करत होतो.

त्या रात्री मी पुन्हा जुनी पुस्तकं काढली. एलसीडीच्या दोन काचांमध्ये द्रव स्फटिकाचा थर असतो, केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाइतका. त्यातले लांबुळके रेणू एका काचेपासून दुसरीपर्यंत जिन्यासारखे वळत जातात, नव्वद अंशांत, आणि उजेडाला सोबत वळवतात. व्होल्टेज दिलं की रेणू उभे राहतात, जिना मोडतो, उजेड अडतो, ठिपका काळा दिसतो. ही युक्ती शाट आणि हेलफ्रिश या दोघांनी १९७० साली स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला काढली. इथवर शाळेत शिकवतात. गोम पुढे आहे. मनगटी घड्याळात आकड्यांच्या मोजक्या रेघा असतात, त्यामुळे प्रत्येक रेघेला भरपूर व्होल्टेज मिळतं आणि रेणू पुरते उभे राहतात. कीबोर्डवरच्या दोन ओळींच्या डिस्प्लेत ठिपक्यांच्या सोळा आडव्या रांगा पाळीपाळीने चालवाव्या लागतात. हिशेब मांडला तर काळ्या ठिपक्याला मिळणारं व्होल्टेज कोऱ्या ठिपक्याच्या जेमतेम १.२९ पट भरतं. एवढ्याशा फरकात रेणू धड उभे नाहीत, धड आडवे नाहीत. एका बाजूला कललेले. म्हणजे कुठून बघता यावर सगळं ठरतं. कललेल्या बाजूने बघाल तर काळं, समोरून बघाल तर फिकं.

हे डिस्प्ले बनवणाऱ्यांना पक्कं ठाऊक असतं. त्यांच्या कागदांवर दिशा घड्याळाच्या भाषेत लिहिलेली असते: सहा वाजताची, बारा वाजताची. सहा वाजताची म्हणजे खालून, वाजवणाऱ्याच्या पोटाच्या बाजूने बघायची. पॅनेल आडवं, माणूस खुर्चीवर, की झालं. पण मांडवातल्या स्टेजवर खुर्ची कोण देतो?

यावरचा इलाज म्हणजे तो प्रीसेट, काही रुपयांचा, दहा किलोओहमचा. काही कंपन्या त्याची खुंटी मागच्या पॅनेलवर काढून देतात. त्यांना माझा नमस्कार. काही तो आत बोर्डावरच ठेवतात, म्हणजे फिरवायचा तर वीसेक स्क्रू खोलायचे. आणि काही हुशार मंडळी कॉन्ट्रास्टची सोय मेन्यूच्या चौथ्या पानावर देतात. स्क्रीन दिसत नाही म्हणून तुम्ही कॉन्ट्रास्ट वाढवायला जाणार, आणि ते पान शोधायला स्क्रीन दिसायला हवी.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. १९७० च्या मिनीमूगवर स्क्रीन नव्हती. प्रत्येक गोष्टीला स्वतःची खुंटी, अंधारात चाचपून वाजवता यायचं. १९८३ साली यामाहाचा डीएक्स ७ आला. सहा ऑपरेटर, त्यांच्या जोडण्यांचे ३२ प्रकार, आणि हे सारं बघायला सोळा-सोळा अक्षरांच्या दोन ओळी, मागे दिवा नाही. खुंट्या गेल्या, बटणं आली, आणि वाद्याच्या पोटात काय चाललंय हे कळायला एवढीच खिडकी उरली. माझ्या मते डिस्प्ले हा तेव्हापासून वाद्याचा भाग झाला. त्याआधी तो असता तरी शोभेचा असता.

मागे दिवा आला म्हणून सुटका झाली असंही नाही. त्या काळातल्या पुष्कळ वाद्यांत एलचा कागद असे. एल म्हणजे इलेक्ट्रोल्युमिनेसंट. बल्ब नाही, एलईडी नाही. पापडासारखा पातळ पत्रा, त्यात फॉस्फरची पूड, आणि त्याला शंभरेक व्होल्टचा, काही शे हर्ट्झचा प्रवाह देणारा एक छोटा इन्व्हर्टर. उजेड सुंदर, निळसर, सगळीकडे सारखा. पण काही हजार तासांत तो निम्म्यावर येतो, आणि इतका सावकाश येतो की मालकाला वाटतं आपले डोळेच अधू झाले. वर तो इन्व्हर्टर चिलटासारखा बारीक गुणगुणतो. त्याची तार आवाजाच्या तारेजवळून गेली असेल तर तो सूर स्पीकरमध्येही उतरतो. एकदा एका मुलाच्या वाद्यातली अशी गुणगुण मी तीन दिवस आवाजाच्या बोर्डात शोधत होतो. चौथ्या दिवशी वैतागून बॅकलाइटची तार उपसली, आणि शांतता. डिस्प्लेचा दोष कानाला ऐकू आल्याची माझ्याकडची ती एकच नोंद. हल्ली मी तिथे एलईडीची पट्टी बसवतो. उजेड कडेला जास्त, मध्ये कमी पडतो. पण निदान गात नाही.

बाकीचे आजार आटपतो. अक्षरांतून उभी रेघ गायब असेल तर काच आणि बोर्ड यांच्यामधला रबराचा पट्टा, ज्याला आम्ही झेब्रा म्हणतो, तो काढून पुसायचा. एखादी डेटाची तार सुटली तर इंग्रजी अक्षरांऐवजी जपानी काताकाना उमटायला लागते, कारण अशा डिस्प्लेच्या चिपमध्ये बहुधा तीही लिपी भरलेली असते, अशा वेळी गिऱ्हाईक फोनवर सांगतं, "दादा, तो परदेशी बोलतोय." काचेवर काळसर डाग पसरले आणि वरची फिल्म सोलताना आंबूस, व्हिनेगरसारखा वास आला तर ध्रुवक पट्टी दमट हवेने कुजली समजा. जुन्या सिनेमांची रिळं याच वासाने मरतात, कारण दोन्हींत ॲसिटेटच. कोकणातून आलेल्या वाद्यांत हा वास मला जास्त भेटतो.

लाल आकड्यांचे एलईडी डिस्प्ले त्या मानाने खणखणीत, अंधारातही कुठूनही दिसणारे. पण त्यांची खोड वेगळी: ते बिघडले की खोटं बोलतात. उजवीकडची वरची रेघ गेली की ८ चा ६ होतो आणि ९ चा ५. एका कार्यक्रमात मी स्वतः ६५ समजून ८९ वर बसलो होतो, आणि भक्तिगीताच्या सुरुवातीला बासरीऐवजी हेलिकॉप्टर उतरलं. फिकी अक्षरं परवडली. निदान आपण दिसत नाही हे तरी ती कबूल करतात.

एक गोष्ट मात्र मला फार आवडते. १८८८ साली प्रागमध्ये राइनिट्झर नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाला गाजरातल्या द्रव्यापासून केलेला एक पदार्थ दोनदा वितळताना दिसला: १४५.५ अंशांना गढूळ, १७८.५ ला नितळ. द्रव स्फटिकांची कहाणी तिथून सुरू झाली. पुढे १९७७ साली बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत शिवरामकृष्ण चंद्रशेखर आणि सहकाऱ्यांना लांबुळक्या रेणूंऐवजी तबकडीसारख्या रेणूंचे द्रव स्फटिक सापडले. तशा तबकड्यांचीच फिल्म १९९० च्या दशकात जपानमध्ये एलसीडीवर चढवली गेली, कशासाठी, तर बाजूने बघितलं तरी नीट दिसावं म्हणून. अण्णांच्या तक्रारीवरचं औषध आपल्याकडे सापडलेल्या मुळीचं होतं. पण ते संगणकांच्या मोठ्या स्क्रीनपर्यंत पोचलं, आमच्या दोन ओळींपर्यंत नाही.

आणि त्या दोन वितळण्यांतली दुसरी मी पुढे डोळ्यांनी पाहिली. मे महिन्यातली वरात, उघडा टेम्पो, दुपारचे दोन. कीबोर्डचा डिस्प्ले अख्खा काळा पडला. मालकाने टेम्पोतूनच फोन लावला, गेला म्हणून. मी म्हटलं, ओला रुमाल ठेवा आणि सावलीत घ्या. उन्हात थर इतका तापतो की रेणूंची रांगच मोडते, मग जिना नाही, उजेडाला वाट नाही. दहा मिनिटांत अक्षरं परत आली. मालक अजून मला मांत्रिक समजतो.

अण्णांच्या कीबोर्डचा प्रीसेट मी शेवटी तारा लांबवून मागच्या पॅनेलवर आणला आणि त्यावर मोडक्या रेडिओची खुंटी बसवली. नेलपॉलिशने दोन खुणा केल्या: 'ब' म्हणजे बसून, 'उ' म्हणजे उभ्याने. बसून सराव करते ती त्यांची नात. 'उ'वर ठेवलं की तिला सगळ्या अक्षरांमागे काळी चौकटं दिसतात.

गेल्या महिन्यात तो कीबोर्ड पुन्हा आला. या वेळी खरंच एक पट्टी लागत नव्हती. उलटा करायला घेतला तर खुंटीजवळ, 'ब'च्याही अलीकडे, तिसरी खूण दिसली, थरथरत्या हाताने काढलेली. अक्षर होतं 'मं'.

"हे काय, अण्णा?"

"मंडप," ते म्हणाले. "पत्र्याचा. दुपारचा."